साक्षीचं नाव वाचलं त्या दिवशी

हट्ट करावा तर देवाजीभाऊनं. भिलाईच्या कारखान्यात छत्तीस वर्षं क्रेन चालवली, रिटायर झाल्यावर सेक्टर 2 चं क्वार्टर सोडून कैंप-1 या वस्तीत माझ्या दुकानामागच्या गल्लीत घर बांधलं. ट्रकमधून पलंग उतरायच्या आधी हा माणूस छपरावर चढून रेडिओची एरियल ताणत होता. खालून भीमावहिनी ओरडत होत्या, "उतरा म्हनते ना मी, पडान!" त्यांचं त्यानं कधी ऐकलं होतं, की त्या दिवशी ऐकेल?

मी अरुणकुमार. वडील कारखान्यात क्लार्क होते, मला मात्र कारखान्यानं घेतलं नाही, म्हणून रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक टीव्ही घेऊन बसले, मग मोबाइल घेऊन बसले, मी माझ्या सोल्डरिंगच्या पेनासकट तिथंच राहिलो. देवाजीभाऊ रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचा. क्रेनच्या घरघरीनं त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे माझं निम्मं बोलणं त्याला पोचायचं नाही आणि उरलेलं त्याला पटायचं नाही. तरी आमची दोस्ती होती.

आमच्याकडे रेडिओवरच्या गाण्यांच्या फर्माईशीचं वेड काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गावोगावी श्रोता संघ आहेत. अजूनही पोस्टकार्डं जातात. कार्डावर एक गाणं, आणि खाली नावांची ही लांब यादी. निवेदिका बिचारी दम लागेपर्यंत वाचते, गाणं तीन मिनिटांचं आणि नावं चार मिनिटांची. पण खरी गंमत नावांतच असते. घरात सून आली की तिचं नाव यादीत चढतं, नातू झाला की बारशाच्या आधी त्याचं नाव चढतं. कुणाचं नाव गळलं तर दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात विचारणा होते. लग्नपत्रिकेत काकाचं नाव राहिलं तर जेवढा बोभाटा होतो, तेवढाच इथं होतो.

देवाजीभाऊची यादी साऱ्या कैंपाला पाठ होती. "कैंप-एक भिलाई से देवाजी, भीमाबाई, नरेश, ललिता, साक्षी, नन्ही रीना और अरुणकुमार." नरेश मोठा मुलगा, नागपूरला रेल्वेत. ललिता त्याची बायको, रीना त्याची मुलगी. साक्षी धाकटी. मी शेपटाला, फुकटचा.

आठ वर्षांपूर्वी साक्षीनं खिलेश्वरशी लग्न केलं. खिलेश्वर छत्तीसगढी, नंदिनी नगरला चुनखडीच्या खाणीत डंपर चालवतो. पोरगा साधा, निर्व्यसनी. देवाजीभाऊ जातपात मानणारा नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. त्याची एकच अट होती. "लगन बुद्धविहारात व्हाव. बाबासाहेबांची शपथ घेतलेलं घर हाये आमचं, माही पोरगी सात फेरे नाही घेनार." मुलाकडचे मंदिराशिवाय ऐकेनात. साक्षी मधल्यामध्ये भरडली गेली आणि शेवटी मंदिरात उभी राहिली. देवाजीभाऊ गेला नाही. वहिनींनाही जाऊ दिलं नाही.

पुढच्या सोमवारी त्यानं नवं कार्ड लिहिलं. वहिनी समोरच बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं, नरेश, ललिता, मग एकदम रीना. त्या काही बोलल्या नाहीत. कार्ड गेलं, वाचलं गेलं, आणि साऱ्या कैंपाला समजलं. पोरीला घरातून काढलं असतं तर लोक म्हणाले असते, बाप आहे, राग उतरेल. यादीतून काढलं, तेव्हा कुणी समजूत घालायलाही गेलं नाही.

त्याच आठवड्यात साक्षी माझ्या दुकानात आली. बाप घरी जेवायला गेल्याचं बघून आली असावी. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "काका, एक सेट द्या मले. नंदिनीत बी हेच स्टेशन लागते ना?"

मी म्हटलं, "मिडियम वेव्ह हाये पोरी, खाणीच्या खड्ड्यात बी लागन." आणि दोन बँडचा एक चांगला सेट तिला दिला, लग्नाचा आहेर म्हणून.

सेट छातीशी धरून ती म्हणाली, "आईले सांगजा. ज्या दिवशी बाबा माहं नाव घेतीन, त्या दिवशी मी येईन. त्याच्या आधी नाही येत." बापाचीच लेक. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असली ही जात. मी निरोप वहिनींना दिला. त्यांनी मान हलवली, आणि तेव्हापासून फर्माईशीच्या तासाला त्या हातातलं काम सोडून रेडिओपाशी बसायला लागल्या. आठ वर्षं बसल्या.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या. वहिनींच्या पोटात गाठ निघाली, आणि आमचं मिडियम वेव्हचं स्टेशन डिजिटल व्हायला लागलं.

गाठीचं थोडक्यात सांगतो. उशिरा कळली. दवाखान्यानं दोनदा ठेवून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाले, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या.

डिजिटलचं मात्र मला लांबण लावल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यातच माझी अक्कल गेली. जुना अॅनालॉग रेडिओ गरीब माणसासारखा असतो. सिग्नल कमी पडला तर कुरकुरतो, खरखरतो, मध्येच भलतंच स्टेशन घुसतं, पण अर्धंमुर्धं का होईना, ऐकवतो. कान सरावला की खरखरीतूनही नाव ओळखू येतं. डिजिटलचं तसं नाही. तुमच्याकडे त्याचा सेट असेल तर आवाज काचेसारखा साफ, निवेदिका श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. नसेल तर काहीच नाही. जुन्या सेटवर त्या जागी सुई नेली तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहावं तसा आवाज येतो, बस्स. त्यात शब्द नाही, सूर नाही. कान कितीही लावा.

सुरुवातीला दोन्ही एकत्र चालायचं. मग स्टेशननं महिनाभर सांगून सवरून दुपारी बाराचा फर्माईशीचा तास पूर्ण डिजिटल केला. लोकांना वाटलं, डिजिटल म्हणजे आपल्याच सेटवर आता आवाज चांगला येणार. पहिल्याच आठवड्यात माझ्या दुकानात अकरा सेट जमले. सगळ्यांची एकच तक्रार, 'बारा वाजे के बाद खाली घर्र-घर्र करथे', म्हणजे बारानंतर नुसती घरघर. मी तोऱ्यात सांगत होतो, "सेट ठीक हाय, जमाना बदल गे." मला मोठी मजा वाटत होती. इतक्या वर्षांनी माझ्या धंद्यात काही नवं घडलं होतं, आणि कैंपात ते कळणारा मी एकटा होतो.

नागपूरच्या एका ओळखीच्याकडून मी डिजिटलचा सेट मागवला आणि वहिनींच्या उशाशी नेऊन लावला. त्या माऊलीला शेवटचे दिवस तरी साफ आवाज ऐकू दे, असा विचार होता. देवाजीभाऊला मी सगळं समजावून सांगितलं, जुन्यात काय, नव्यात काय. पालथ्या घड्यावर पाणी. सेटला कान लावून तो म्हणाला, "अरे वा! क्रेनवाल्याले बी आयकू येते का नाही? मंग झालं तर." अर्ध्या कानाच्या त्या माणसाला कितीतरी वर्षांनी प्रत्येक शब्द कळत होता. त्याचा चेहरा बघून मला माझाच अभिमान वाटला.

एक दिवस मी तिथंच बसलो असताना वहिनी म्हणाल्या, "आता तरी लिहा. मी मेल्यावर लिहान त कोनासाठी लिहान?"

 देवाजीभाऊ उठला, कपाटातून पोस्टकार्ड काढलं. मी म्हटलं, "भाऊ, मी स्कूटरवर जाऊन तिले घेऊन येतो. तासाभराचा रस्ता हाये. कार्ड कवा वाचतीन, कोनाले माहीत."

तो भडकला. "नाही! कोनी जायाचं नाही. नाव म्या साऱ्या दुनियेसमोर काढलं, साऱ्या दुनियेसमोरच जोडीन. गुपचूप बोलावून घेतली त ते चोरी झाली. तिनं आयकाव आन आपल्या पायानं याव." वहिनींनीही त्याचीच री ओढली. "हो, अरुणभाऊ. ती म्हनली होती ना, नाव घेतलं का येईन. तिच्या मनासारखं होऊ द्या." मला दोघांनी शपथ घातली.

त्यानं कार्ड लिहिलं. लिहिताना पेन एका जागी थांबलं, मग त्यानं 'साक्षी' लिहिलं, आणि पुढे 'खिलेश्वर' पण लिहिलं. वहिनींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या रडल्या.

तीन आठवडे गेले. वहिनींचं खाणं सुटलं, फक्त पातळ पेज उतरत होती. मी रोज बाराला दुकानाचं शटर अर्धं ओढून तिथं जात होतो. एका बुधवारी निवेदिकेनं कार्ड उचललं आणि तिच्या तोंडून आलं, "कैंप-एक भिलाई से देवाजी, भीमाबाई, नरेश, ललिता, साक्षी, खिलेश्वर, नन्ही रीना और अरुणकुमार." नन्ही रीना दहावीत गेली आहे, ते जाऊ द्या.

देवाजीभाऊ ताडकन उठून उभा राहिला. "आयकलं का? भीमा, आयकलं का तू? किती साफ वाचलं!" वहिनी हसत होत्या. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माही हिरवी साडी काढून ठेवा. तिच्यासमोर अशी नाही पडून राहनार मी."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. दुकानातले अकरा सेट आणि मी स्वतःच्या हातानं साक्षीला दिलेला तो दोन बँडचा सेट. तिच्या घरी या क्षणी तव्यावर पाणी उडतंय.

मला लगेच बोलता आलं असतं. नाही बोललो. वहिनींचं हसणं माझ्यानं मोडवेना, हे एक. दुसरं हे की नवा सेट मीच आणला होता, त्याचं कौतुक घरभर चाललं होतं, आणि आता मीच म्हणायचं की त्याच डिजिटलमुळे पोरीपर्यंत काही पोचलं नाही? मी मनाची समजूत घातली. तिच्याकडे मोबाइल असेल, कुणीतरी सांगेल, श्रोता संघवाले नंदिनीतही आहेत. मी चहा प्यायलो आणि दुकानात येऊन बसलो.

पहिल्या दिवशी ती आली नाही. वहिनी म्हणाल्या, घर आवरून निघेल, लेकरंबाळं असतील. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, त्याची ड्युटी असेल. तिसऱ्या दिवसापासून दाराशी पाऊल वाजलं की मान वळायची, आणि दूधवाला असायचा, किंवा मी.

चौथ्या दिवशी देवाजीभाऊ औषध आणायला गेला होता. वहिनींनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "अरुणभाऊ, तिचा सेट चालू असन ना?"

सरळ प्रश्न होता. दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नव्हता, कारण उत्तर ठाऊक असलेला भिलाईत मी एकटा होतो. मी म्हणालो, "चालू असन वहिनी. माह्या हातचा सेट हाये, बिघडत नाही."

त्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हनजे आयकलं तिनं. आयकून नाही येऊन राह्यली." थोड्या वेळानं पुन्हा, "म्या त्या दिवशी तांदूळ निवडत बसली होती. एक शब्द नाही बोलली मी. तिनं बापाले माफ केलं असन, मले नाही केलं."

मी शपथेचं नाव घेऊन गप्प बसलो. शपथ घातलीय ना, कुणी जायचं नाही म्हणून. माणसाला गप्प बसायचं असलं की शपथाही बऱ्या सापडतात. पाचव्या दिवशी मी स्कूटर काढली होती, खरं सांगतो. नंदिनीच्या वाटेवर अहिवाऱ्याच्या फाट्यापर्यंत गेलो, आणि तिला काय तोंड दाखवणार, परत आल्यावर भाऊला काय सांगणार, या विचारानं परत फिरलो. याची मला जन्मभर लाज वाटणार आहे, आणि वाटायलाच पाहिजे.

नवव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. नरेश आणि ललिता आदल्या दिवशीच नागपूरहून आले होते. हिरवी साडी उशाशी घडी घालून तशीच होती. ललितानं त्यांना पांढरी नेसवली.

आता कुणाला न विचारता मी स्कूटरला किक मारली आणि थेट नंदिनी नगरला गेलो. वरातीमागून घोडं. खाणीच्या वसाहतीत विचारत विचारत तिचं घर सापडलं. साक्षी अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातून ओलं कापड खाली पडलं.

"काका? आई ठीक हाये ना?"

मी म्हटलं, "चल." तेवढ्यावर तिनं ओळखलं. चपला घालायला ती आत गेली, मी दारात उभा होतो. फळीवर सेट होता. नीट पुसलेला, वर रुमाल झाकलेला. माझी नजर तिकडे गेलेली बघून तिनं रडता रडता सांगितलं, जणू काही तिचीच चूक होती, "दोन महिने झाले, बारा वाजता नुसती घरघर येते काका. रोज लावतो मी. बिघडला असन. तुमच्याकडे आनला असता, पन बाबा तथी बसते ना."

रस्ताभर मी तिला काही सांगितलं नाही. ती मागे बसून माझ्या पाठीवर डोकं टेकून रडत होती.

गल्लीत माणसं जमली होती. विहारातले बौद्धाचार्य आले होते, मेणबत्त्या, उदबत्त्या लावून झाल्या होत्या. साक्षी गर्दीतून वाट काढत आईपर्यंत पोचली आणि देवाजीभाऊ मध्ये उभा राहिला.

"आता कावून आली?"

"बाबा..."

"नऊ दिवस दाराकडे पाहत पाहत मेली ते! तुहं नाव घेतलं म्या. तुह्या नवऱ्याचं बी घेतलं. साऱ्या छत्तीसगडनं आयकलं. तुले यायाले नाही जमलं? आता मढं पाहाले आली?"

साक्षी त्याच्याकडे बघतच राहिली. "कवा घेतलं? माहं नाव? कवा?" आणि मग, "खोटं नका बोलू बाबा. मी रोज लावतो. एक दिवस नाही सोडला. नुसती घरघर येते."

"घरघर!" देवाजीभाऊ थुंकल्यासारखा बोलला. "मी भैरा मानूस, मले एक एक अक्षर आयकू आलं. काचेसारखं साफ! आन तुले घरघर? मायच्या मढ्यासमोर त खरं बोल."

नरेशनं तिचा दंड धरला, बाजूला घ्यायला. गर्दीतली माणसं खाली बघत होती. कुणालाच तिचं खरं वाटत नव्हतं, कारण तिथं सगळ्यांना वहिनींच्या उशाशी ठेवलेला साफ आवाजाचा सेट ठाऊक होता, आणि तिच्याकडे मी दिलेला जुना सेट आहे हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मी पुढे झालो.  "भाऊ, ती खरं बोलून राह्यली. तिच्या सेटवर येतच नाही. जुन्या कोनत्याच सेटवर नाही येत. दोन महिन्यांपासून."

तो माझ्याकडे वळला. "तुले कवा समजलं?"

"नाव वाचलं त्याच दिवशी. तिथंच, तुमच्या घरात." आणि थांबलो तर पुन्हा गप्प बसेन या भीतीनं मी बाकीचंही सांगून टाकलं. "वहिनींनी विचारलं होतं मले, तिचा सेट चालू असन ना म्हनून. मी हो म्हनलो."

मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं. तो खाली बसला, वहिनींच्या पायाशी. त्याला माझं सगळं ऐकू आलं होतं. या वेळी एकही शब्द सुटला नव्हता.

"मंग भीमाले कोन सांगन?" तो म्हणाला. "अरुण, ते त हेच समजून गेली ना, का पोरीनं आयकलं आन आली नाही. आता तिले कोन सांगन?"

 बौद्धाचार्य हात जोडून थांबले होते. साक्षीनं नरेशचा हात सोडवला, आईच्या उशाशी बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. ललिता म्हणाली, "राहू दे वो," पण ती थांबली नाही. बहिऱ्या माणसाला सांगावं तशी मोठ्यानं सांगत होती, "आई, मले आयकूच नाही आलं वो. आई, मी आली असती. मले आयकू नाही आलं."

तेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. कितीतरी वेळ. तिला आता पुरे म्हणायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही.